मला बीपी नाही, असं मी सांगितलं

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधला. नेर तालुक्यातल्या एका गावच्या उपकेंद्रात मी नर्स होते. गाव मला सिस्टरबाई म्हणायचं. गरोदर बाया, म्हातारी माणसं, डोकं जड झालंय म्हणत येणारे शेतकरी, सगळ्यांचं बीपी मी मोजलं. गोळी चुकवली म्हणून कित्येकांना चारचौघांत रागावले. "बीपी दुखत नाही, म्हणूनच घात करते," हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

त्या एकतीस वर्षांत तो पट्टा मी स्वतःच्या दंडाला किती वेळा बांधला? बोटांवर मोजता येईल इतक्याच. आणि बांधला तेव्हा जे दिसलं, ते कोणाला सांगितलं नाही.

आता मला साठावं लागलंय. हृदयाच्या नळीत एक स्टेंट आहे, पंप कमजोर आहे आणि दिवसाला सात गोळ्या आहेत. हे लिहितेय ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना सगळं कळत असतं. औषधांची माहिती तुमचे डॉक्टर देतील. माझं काय झालं तेवढंच मी सांगते.

बसस्टँडवर

निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. दारव्ह्याला भाचीच्या मुलाचं बारसं होतं, म्हणून सकाळी नेरच्या बसस्टँडवर उभी होते. थंडीचे दिवस. जबडा दुखायला लागला. वाटलं, दाढ असेल. मग डावा खांदा भरून आला आणि स्वेटरच्या आत घामाची धार लागली. थंडीत घाम आल्यावर मला दाढेचा बहाणा पुरला नाही. काय होतंय ते मला कळलं.

आजूबाजूला तीस-चाळीस माणसं होती. त्यांतल्या निम्म्यांची तोंडं ओळखीची. मी कोणालाच काही म्हटलं नाही. सवय नव्हती. लोक मला त्यांचं दुखणं सांगायचे, मी कोणाला सांगायचे नाही. पिशवी उचलली, हळूहळू चालत ऑटोपाशी गेले आणि म्हटलं, "सरकारी दवाखान्यात चल. लवकर चल, पण गचके देऊ नको."

दवाखान्यात ईसीजी काढणारी मुलगी नवीन होती. कागद मशीनमधून बाहेर आला तसा मी तो उलट्या बाजूनंच वाचला. तिचा चेहरा पाहायची गरज पडली नाही.

यवतमाळला न्यायला अँब्युलन्स आली. त्या गाडीतून मी किती बाळंतिणी नेल्या, मोजदाद नाही. दरवेळी मी बाजूच्या बाकावर, सलाईनची बाटली धरून. गाडीचं छत आतून कसं दिसतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बाजूच्या बाकावर कोणी ओळखीचं नव्हतं.

सोबत कोण?

यवतमाळच्या दवाखान्यात पहिला प्रश्न तोच आला.

"मावशी, सोबत कोण आहे?"

"मुलगा बंगळुरूला असतो. सध्या कंपनीच्या कामानं परदेशात गेलाय."

"इथं कोण आहे?"

"इथं मी आहे."

नर्स माझ्या मुलाच्या वयाची होती. तिनं कागदावर सही घेतली. नातेवाइकाच्या सहीची जागा कोरीच राहिली. डॉक्टर माझ्या मुलाशी, प्रशांतशी, फोनवर बोलले. मग ती नर्स फॉर्म भरायला लागली. शुगर? नाही. तंबाखू? नाही. बीपी?

मी म्हटलं, "नाही."

"कधी गोळी होती?"

"नाही. मला बीपी नाही."

छातीत कळ येत होती, जीव राहतो की जातो ते माहीत नव्हतं, आणि तशा वेळी मी खोटं बोलले. कारण दोनच मिनिटांपूर्वी मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की मीपण सिस्टरच आहे.

नळी उघडली, स्टेंट बसला, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीसारख्या मशीननं हृदय तपासायला एक डॉक्टरबाई आल्या. चाळिशीच्या असतील. पडद्याकडे बघत त्यांनी विचारलं, "बीपी कधीपासून आहे मावशी?"

"नाही मला..."

"भिंत जाड झालीये तुमच्या हृदयाची. एका दिवसात नाही होत हे. वर्षानुवर्षं जास्त दाबावर काम करत राहिलं की होतं."

मी छताकडे पाहत राहिले. "दहा वर्षं," म्हटलं.

"गोळी?"

"कधीमधी. डोकं दुखलं की."

त्यांच्या हातात माझा फॉर्म होता. त्यात व्यवसायापुढे नर्स लिहिलेलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. मी त्यांच्या जागी असते तर रागावले असते.

का लपवलं

दहा वर्षांपूर्वी माझे मिस्टर गेले. त्यानंतर महिनाभरानं, एका दुपारी उपकेंद्रात कोणी नसताना, मी स्वतःचं बीपी पाहिलं. एकशे ऐंशीवर एकशे दहा. मनात म्हटलं, माणूस गेल्यावर वाढणारच. पुन्हा दोन महिन्यांनी पाहिलं, तेवढंच. म्हटलं, पाऱ्याचं मशीन जुनं झालंय. त्याच मशीनवर मी त्याच दिवशी सहा जणांचं बीपी मोजून रजिस्टरला लिहिलं होतं.

लोक काय म्हणतील, ही एक भीती होतीच. गावाला गोळ्या खाऊ घालणारी बाई स्वतःच पेशंट निघाली, असं म्हणतील. पण खरी भीती वेगळी होती. घरात आजारी पडायला दोन माणसं लागतात. एक आजारी पडणारं आणि एक बघणारं. माझ्या घरात आता एकच होतं. म्हणून मी आजारीच नाही, असं ठरवून टाकलं.

भेटीची वेळ

वॉर्डात सकाळ लवकर सुरू व्हायची. आधी झाडू, मग ताप-बीपी, मग चहा, मग डॉक्टरांचा राउंड. तेवढा वेळ बरा जायचा. मी नर्सच्या नजरेनं सगळं बघत बसायचे. सलाईन कुणाची संपत आली, कोणाची चादर बदलायची राहिली.

पण संध्याकाळी भेटीची वेळ व्हायची. आर्णी, घाटंजी, पांढरकवड्याहून माणसं डबे घेऊन यायची. माझ्या बाजूच्या खाटेवरच्या आजीभोवती पाच-सहा जण असायचे. एक पाय दाबायचा, एक सून केळं सोलून द्यायची, आणि आजी सगळ्यांवर ओरडायची. त्या तासात मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायचे. कीव करून कोणी आपल्यापुढे केळं धरू नये, एवढीच इच्छा.

तिथल्या आयाबाईनं ते ओळखलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ती कंगवा घेऊन आली. "उठा बाई, केसाचा गुत्ता होऊन राह्यला."

मी म्हटलं, "मुलगा येणार आहे माझा."

"येऊ द्या नं. तवरक मी आहो."

तिनं तेल लावून वेणी घातली. मिस्टर गेल्यापासून माझ्या डोक्याला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. वेणी संपली तरी मी मान तशीच ठेवून बसले होते. तीही जरा वेळ उगाच कंगवा फिरवत राहिली.

प्रशांत

चौथ्या दिवशी प्रशांत आला. विमानतळावरून सरळ, दाढी वाढलेली, डोळे लाल. येताना तो डॉक्टरांना भेटून आला होता.

"दहा वर्षं, आई?"

मी पांघरूण नीट करत राहिले.

"मी दर फोनवर विचारत होतो, तब्येत कशी आहे. तू म्हणायची, मले काय होते. मंग मी दहा वर्षं कोणाशी बोलून राह्यलो होतो?"

मी उशाजवळचा पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे केला.

तो नऊ दिवस राहिला. नेरला घरी आणलं, गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे लावले, बटण दाबलं की आपोआप मोजणारं बीपीचं मशीन आणलं आणि पट्टा कसा बांधायचा ते मला शिकवलं. मी मुकाट्यानं शिकून घेतलं. बंगळुरूला चल, असं तो तीनदा म्हणाला. मी तीनदा नको म्हटलं. दोघं नोकरीवर, तीन वर्षांची नात पाळणाघरात, त्यात माझं ओझं कशाला, असं मला वाटलं. त्यानं त्याचा अर्थ वेगळा घेतला असावा. चौथ्यांदा तो म्हणाला नाही.

जाताना एकच अट घातली. "रोज सकाळी मोजायचं आणि मला पाठवायचं."

एकटीचा स्वयंपाक

मीठ कमी करा, असं मी हजारदा सांगितलं असेल. ते करून पाहिलं तेव्हा कळलं की मीठ जातं तेव्हा त्याच्यासोबत जेवायची इच्छाही जाते. ठेचा बंद, लोणचं बंद, कुरडया-सांडगे बंद. ज्वारीची भाकर आणि अळणी वरण. चार माणसं पंगतीला असती तर हसत-कुरकुरत तेही खपलं असतं. एकटीनं अळणी जेवायचं म्हणजे अर्धी भाकर झाली की हात धुवायचा.

पहिल्या आठवड्यात शेजारपाजारचे आले. मग कापूस वेचायचे दिवस आले आणि आमच्या गल्लीतल्या घरांना सकाळीच कुलपं लागायला लागली. ज्या बाईच्या दारात एकतीस वर्षं रांग होती, तिच्या दारात दुपारभर कुत्रंही फिरकत नव्हतं. मी कुकरच्या शिट्ट्या मोठ्यानं मोजायचे. आपला आवाज फुटतोय ना, ते कळावं म्हणून.

मशीन काही ऐकत नव्हतं. एकशे पन्नास. एकशे छप्पन. मी आकडा पाठवला की पाच मिनिटांत फोन.

"मीठ खाल्लं का?"

"नाही रे."

"गोळी?"

"घेतली."

"मंग काहून वाढून राह्यलं?"

ते मला माहीत होतं. पाण्याची, म्हणजे अंगातलं पाणी काढणारी, गोळी घेतली की तासातासाला लघवीला जावं लागायचं. बाजारात, बँकेत, बसमध्ये बाईमाणसानं जायचं कुठे? म्हणून बाहेर जायच्या दिवशी ती सोडायचे. मग रोजच सोडायला लागले. संध्याकाळच्या एका गोळीनं उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरात पडले तर उचलायला कोण, म्हणून तीही बंद केली. आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून एक दुखण्याची गोळी आणून रोज घ्यायला लागले, ती मात्र कोणी सांगितलेली नव्हती. दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी चढतं, हे मी कित्येकांना सांगितलं होतं.

एके दिवशी एकशे चौसष्ट आलं. प्रशांत फोनवर ओरडला. मागे श्वेता, माझी सून, त्याला म्हणत होती, "अहो, त्यांच्यावर कशाला चिडता?" नात रडायला लागली. माझ्या एका आकड्यानं तिकडच्या घराची सकाळ नासली होती.

दुसऱ्या दिवशी मोजलं तर एकशे सदुसष्ट. मी मोबाइल हातात घेतला आणि लिहिलं, एकशे अठ्ठावीसवर ऐंशी.

तिकडून एक अंगठा आला.

त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मी एकशे सव्वीस लिहिलं, पुन्हा अंगठा. कटकट गेली आणि तिच्यासोबत रोजचा फोनही गेला. एकतीस वर्षांत मी रजिस्टरला एकही खोटी नोंद केली नव्हती. आता रोज सकाळी चहा पिता पिता करत होते. महिन्याभरानं तर मी मोजायचंच सोडलं. आकडा मनातूनच पाठवायचे.

रुक्माबाई

रुक्माबाई म्हणजे माझ्या उपकेंद्राच्या गावची सत्तरीची बाई. तिच्यावर मी सगळ्यात जास्त रागावले असेन, कारण बरं वाटलं की ती गोळी बंद करायची. निवृत्त झाल्यावरही बाजाराच्या दिवशी नेरला आली की ती माझ्याकडे यायची. नवीन सिस्टर चांगली होती, पण हिला माझ्याच हातचं बीपी लागायचं. मी आजारी पडल्यापासून ती आली नव्हती. कापूस, मग तूर, मग हरभरा, तिची कामं चालू होती.

त्या दिवशी अकराच्या सुमारास कडी वाजली. दार उघडून मी खुर्चीत येऊन बसले. रुक्मानं भाजीची थैली खाली ठेवली आणि हात पुढे केला. मी मोजलं. एकशे चौतीस.

"बरा आहे," म्हटलं. "गोळी चालू ठेव."

"आता तुमचा पाहा."

"माझा पाहिला सकाळी."

"किती होता?"

"एकशे अठ्ठावीस."

ती मला न्याहाळत होती. "सिस्टरबाई, दारापासून खुर्चीलोक आल्या तं धापा टाकून राह्यल्या तुमी." मग ती वाकली आणि माझ्या घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला. काढला तेव्हा तिथे खड्डा पडलेला होता. तो भरेना.

"हे कुठं शिकली?" मी विचारलं.

"तुमीच तं पोटुशा बायायचे पाय असे दाबून पाहत होत्या. या पायात तं पानी आहे."

तिनं पट्टा उचलला. उलटा बांधला, मी सरळ करून दिला. बटण कोणतं ते विचारलं आणि दाबलं. पट्टा आवळत गेला, आवळत गेला, सुटेचना. आकडा आला तेव्हा मी मशीन जरासं माझ्याकडे वळवलं.

"सांगा. मले वाचता येत नाही, पन मोजता येते."

"एकशे अठ्ठ्याण्णव."

"माहा सगळ्यात जास्त कितीक झालता?"

"एकशे ऐंशी."

"तवा तुमी काय म्हनल्या होत्या? रुक्मे, आज घरी जायाचं नाही, म्हनल्या. मले हाताले धरून गाडीत बसवलं होतं." ती उठली. "मंग तुमी काहून घरी बसल्या?"

मी म्हणणार होते, प्रशांतला विचारते. म्हणणार होते, उद्या बघू. पण दम लागल्यामुळे वाक्यच पुरं होईना. रुक्मानं माझी चप्पल पुढे सरकवली, घराला कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या पदराच्या गाठीला बांधली आणि ऑटो थांबवला. दवाखान्यात तिला विचारलं, सोबत कोण? ती म्हणाली, "मी."

तिच्या गावाला जाणारी गाडी त्या दिवशी चुकली. मला यवतमाळला हलवेपर्यंत ती तिथंच बसून होती.

सगळं सांगितलं तो दिवस

फुप्फुसात पाणी चढलं होतं. त्याच डॉक्टरबाई होत्या. तपासून म्हणाल्या, "पंप आधीपेक्षा कमी झालाय."

मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसल्या. ह्यावेळी मी त्यांच्या विचारण्याची वाट पाहिली नाही. कोणती गोळी कधी सोडली, कोणती मनानं वाढवली, सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

"चक्कर येते हे मला सांगितलं असतं, तर मी गोळीची वेळ बदलली असती, डोस कमी केला असता," त्या म्हणाल्या. "पाण्याच्या गोळीचं पण तसंच. बाहेर जायच्या दिवशी घरी आल्यावर घ्यायची. इतकंच होतं. गुडघ्याच्या गोळीला मात्र पुन्हा हात लावायचा नाही."

इतकंच होतं. दोन वाक्यांचं काम. ते विचारायला मला लाज वाटली, म्हणून माझ्या हृदयाचा एक तुकडा कायमचा थकला.

त्याच दुपारी मी प्रशांतला फोन लावला.

"प्रशांत, मी तुले पाठवत होती ते आकडे खोटे होते."

"कधीपासून?"

"अडीच महिने."

त्यानं फोन ठेवून दिला. दोन दिवस त्याचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी श्वेताचा आला. रडत होती. म्हणाली, "आई, ते रोज तुमचा आकडा फ्रिजवरच्या कागदावर लिहायचे. रेघ काढायचे. सगळ्यांना दाखवायचे, आईचं बघा किती छान चाललंय. तो कागद त्यांनी काल काढून टाकला."

प्रशांत आला. डिस्चार्ज घेतला, मला घरी सोडलं, तीन दिवस राहिला. गोळ्या, पाणी, जेवण, सगळं वेळेवर दिलं आणि कामापुरतं बोलला. निघताना दाराशी उभा राहून म्हणाला, "आता आकडे नको पाठवू आई. तुझ्यावर विश्वास ठेवता येत नाही मला. आणि आकडा आला की विश्वास ठेवल्याशिवाय राहवत नाही."

ऑटो वळणापर्यंत गेला तरी मी दारात होते. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

आता

त्याला सात महिने होतील. आधी आकड्याचं सांगते, कारण वाचणाऱ्याला तेच हवं असतं. आता सकाळचं बीपी बहुतेक दिवस एकशे तीसच्या आसपास असतं. कधी एकशे चाळीसच्या पुढे जातं. तेव्हा मी आदल्या दिवशी काय खाल्लं, कोणती गोळी राहिली, ते वहीत लिहिते आणि महिन्याच्या तपासणीला वही डॉक्टरबाईंपुढे ठेवते. उठताना आधी खाटेच्या काठावर बसते, मग उभी राहते. अळणी भाजीवर लिंबू पिळते आणि कोथिंबीर जास्त घालते. सकाळी रस्त्यानं तेवढंच चालते, जेवढं चालता चालता बोलता येईल. बोलायला कोणी नसतं, म्हणून मी वाटेतल्या दुकानांच्या पाट्या पुटपुटत वाचते. दम लागला की कळतं.

रुक्माबाई आता येत नाही. तिच्या लेकीनं तिला ढाणकीला नेलं. जायच्या आधी भेटायला आली तेव्हा म्हणाली, "तिकडच्या सिस्टरले मी सांगन, आमच्या सिस्टरबाईनं मले शिकवलं म्हनून." आम्ही दोघींनी एकमेकींचं बीपी मोजलं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी कडी वाजत नाही.

हे सगळं निभावून नेता येतं. निभावायला जड जातो तो रविवार. रविवारी प्रशांतचा फोन यायचा. जेवण झालं का, पाऊस आहे का, नळाला पाणी येतं का. बीपीचं नाव तो काढायचा नाही, मीही नाही. तीन-चार मिनिटांत फोन संपायचा. माझ्या वहीत सहा महिन्यांचे खरे आकडे होते आणि ते पाहायला मागणारं कोणी नव्हतं. खोटे होते तेव्हा ते फ्रिजवर लागत होते. त्यात तक्रारीला जागा नाही. विश्वास मीच घालवला होता. तो परत मागायचा कसा, ते मला येत नव्हतं.

गेल्या महिन्यातल्या रविवारी सकाळी फोनऐवजी त्याचा एक फोटो आला. बीपीच्या मशीनचा. एकशे बावन्नवर अठ्ठ्याण्णव. मला वाटलं, तो इथं असताना काढलेला माझ्याच मशीनचा जुना फोटो त्यानं पाठवला. मग दिसलं, टेबल माझं नाही. मशीनशेजारी नातीचा रंगाचा डबा होता.

खाली त्यानं लिहिलं होतं, "आई, हा माझा आहे. श्वेताला सांगितलं नाही अजून."

तो पस्तीस वर्षांचा आहे. मी फोन लावला.

"कधी कळलं तुले?"

"ऑफिसच्या तपासणीत निघालं. दोन महिने झाले. म्हटलं, धावपळीनं असंल."

मी डोळे मिटून घेतले. माझं मशीन जुनं झालं होतं, त्याची धावपळ होती.

"मंग आज काहून सांगून राह्यला?"

त्यानं खोलीचं दार लोटून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "मशीनवर आकडा आला, आणि माझ्या मनात पहिलं हे आलं की कोणाले सांगायचं नाही. त्याचंच भेव वाटलं आई."

रडू येत होतं. पण एकतीस वर्षांची नोकरी कुठे जात नाही. मी म्हटलं, "मशीन जवळ आहे का? पट्टा बांध. पाठ टेकव, दोन्ही पाय जमिनीवर ठेव. आता पाच मिनिटं एक शब्द बोलायचा नाही. मंग बटन दाब. फोन ठेवू नको."

तो गप्प बसला. मीही गप्प बसले. त्याच्याकडचा पंखा ऐकू येत होता. नात आतल्या खोलीत फरशीवर काहीतरी ओढत होती. दूर कुठेतरी कोणाचा कुकर वाजला. माझ्या गल्लीतली पिठाची चक्की त्यालाही ऐकू जात असणार, लहानपणी त्याच आवाजात तो अभ्यास करायचा. मध्येच तो म्हणाला, "आई..."

"बोलू नको."

त्याचा श्वास आधी भरभर होता, मग सावकाश झाला. सहा महिन्यांत आम्ही इतका वेळ एकमेकांसोबत नव्हतो. मग पट्टा फुगल्याचा बारीक आवाज आला आणि मशीन वाजलं.

"किती?"

"एकशे शेहेचाळीसवर चौऱ्याण्णव."

"खरं?"

"खरं."

"उद्या सुट्टी काढ आणि डॉक्टरकडे जा. मनानं गोळी घ्यायची नाही. मनानं बंद करायची नाही."

"हो."

"आता श्वेताले बोलाव."

"आत्ता?"

"मी फोनवर आहो तवरक."

त्यानं फोन तोंडापासून दूर धरला आणि श्वेताला हाक मारली.